तलवारीच्या टोकावरचा थेंब

प्रश्न : मागच्या महिन्यात बाबा गेले, झोपेतच. तोंड उघडं राहिलं होतं, आईने तुळशीपत्र आणि गंगाजल घातलं. तेवढ्यात शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, काकू आल्या आणि त्यांनी स्वतःच्या घरातलं आणि मग आमच्याही माठातलं, हंड्यातलं सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. आईला ते फार लागलं, अजून बोलते. असं का करतात? त्यांच्यातही यमदूत असतो का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : असतो, आणि त्याचा तुमच्या माठाशी संबंध आहे. ज्यू लोक त्याला मलाख हामावेत म्हणतात, म्हणजे मरणाचा दूत. रेडाबिडा काही नाही, पण अंगभर डोळेच डोळे. तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात आहे की तो आजाऱ्याच्या उशाशी तलवार उपसून उभा राहतो, टोकाला पित्ताचा एक थेंब लोंबत असतो, माणूस त्याला बघून थरथरतो, तोंड उघडतो, थेंब आत पडतो आणि खेळ खलास. आपण गंगाजल घालतो त्याच तोंडात त्यांच्या गोष्टीतला कडू थेंब आधीच पडून गेलेला असतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच बसले होते.

आता पाणी. ही जुनी रीत आहे, मयताच्या घरातलं आणि आजूबाजूचं भरून ठेवलेलं पाणी ओतून द्यायचं. कोणी म्हणतं दूत आपलं हत्यार त्या पाण्यात धुतो, कोणी म्हणतं तोंडाने वाईट बातमी सांगायला नको, पाणी ओतलेलं दिसलं की गल्लीला कळतं. मला दुसरं जास्त पटतं.

पण हा दूत अगदीच सर्वशक्तिमान वगैरे नाही हं. ज्यूंच्या जुन्या दावीद राजाला कळलेलं असतं की आपण शब्बाथला, म्हणजे शनिवारी जाणार, म्हणून तो दर शब्बाथला दिवसभर धर्मग्रंथ वाचत बसतो, आणि तोंड चालू आहे तोवर दूताला हात लावता येत नाही. शेवटी दूत मागच्या बागेत जाऊन झाडं हलवतो, राजा काय आवाज आहे बघायला उठतो, जिन्याची पायरी तुटते, वाचन थांबतं, तेवढंच पुरतं. योशुआ बेन लेवी नावाच्या गुरूंनी तर त्याची सुरीच लांबवली होती, वरून आवाज आला की परत दे, तेव्हा कुठे दिली!

तालमूदमध्ये मरणाचे ९०३ प्रकार धरलेत. सगळ्यात अवघड म्हणजे लोकरीत अडकलेला काटा ओढून काढावा तसं, सगळ्यात सोपं म्हणजे दुधातून केस काढावा तसं. या सोप्याला ते चुंबन म्हणतात, त्यांचा मोठा संदेष्टा मोशे (मोझेस) असाच गेला, तिथे दूताचं काम नाही, देव स्वतः येतो. बाबा झोपेत गेले म्हणता, तर काकूंना एकदा चहाला बोलवा आणि आईंसमोरच विचारा की यातलं कुठलं म्हणायचं, आणि माठाचंही तेव्हाच निघू दे.