रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स आवाज करतो? खोलण्याआधी शाफ्ट तपासा

प्रश्न : रोटाव्हेटर जमिनीत असताना आवाज ठीक असतो. बांधावर वळण घेताना तो उचलला की गिअरबॉक्स खडखडतो आणि सीटपर्यंत हादरे येतात. क्राऊन-पिनियन (गिअरबॉक्समधली दातेरी चाकांची जोडी) गेलं असेल का? गिअरबॉक्स खोलून घ्यावा का?

एवढ्यात खोलू नका. आवाज केव्हा येतो हे तुम्ही नेमकं सांगितलंत, त्यामुळे अर्धं निदान तिथेच झालं. दात खरोखर तुटले असते तर आवाज मातीत, भाराखाली वाढला असता. तुमच्याकडे भार उतरला की आवाज वाढतो. अशा वेळी माझा पहिला संशय पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राकडे नेणाऱ्या दांड्यावर जातो. मार शाफ्टकडून येतो आणि ओरडतो गिअरबॉक्स.

असं का होतं ते पाहू. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे असतात. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा वेग वाढतो आणि दोनदा कमी होतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असेल तर हा हेलकावा सेकंदाला १८ वेळा येतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारी दोन कानांची तोंडं) एका रेषेत असतील, तर पहिल्या क्रॉसने केलेली चूक दुसरा क्रॉस भरून काढतो आणि गिअरबॉक्सला एकसारखा वेग मिळतो. यातलं एक जरी बिघडलं तरी हेलकावा थेट दातांवर जातो. रोटर, म्हणजे पाती लावलेला फिरता भाग, मातीत असताना मातीचा विरोध दाताला दात दाबून ठेवतो. रोटर उचलला की तो दाब जातो, दात मधल्या मोकळ्या जागेत पुढे-मागे आपटतात, आणि तीच तुमची खडखड.

आता शाफ्टकडे जा. त्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, आणि यंत्र जमिनीवर टेकवलेलं. हे न करता हात लावायचा नाही. फिरत्या शाफ्टमध्ये कपडा अडकल्यावर माणसाला सावरायला वेळ मिळत नाही.

पहिली तपासणी योकची. ग्रीस द्यायला किंवा वाहतुकीसाठी शाफ्टचे दोन भाग ओढून वेगळे करतात आणि परत घालताना घाई होते. चौकोनी दांडा चौकोनी नळीत चार प्रकारे बसतो. त्यातले दोन बरोबर, दोन चूक. शाफ्टच्या मधल्या दोन योकचे कान एकाच पातळीत दिसले पाहिजेत. एका टोकाचे कान उभे आणि दुसऱ्याचे आडवे दिसले तर चूक सापडली. तेव्हा हेलकावे एकमेकांना मारण्याऐवजी एकमेकांत मिसळतात. दोन्ही टोकांना २० अंशांचा कोन असेल तर ५४० चा वेग साधारण ४७७ ते ६११ असा झुलतो. एका शेतात मी हेच पाहिलं. दोनदा बेअरिंग बदलून झाले होते. शाफ्ट ओढून पाव फेरा फिरवून परत बसवला, आणि हादरा तिथल्या तिथे थांबला. शाफ्ट बरोबर बसला की दोन्ही भागांवर रंगाने एक सरळ रेघ मारून ठेवा.

दुसरी तपासणी टॉप लिंकची, म्हणजे यंत्राला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांड्याची. यंत्र कामाच्या खोलीवर असताना बाजूला बसून पाहा. ट्रॅक्टरचा पीटीओ आणि गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत. गिअरबॉक्सचं तोंड वर किंवा खाली झुकलेलं असेल तर टॉप लिंक कमी-जास्त करा. कामाच्या वेळचा कोन १५ अंशांच्या आत ठेवला तर क्रॉसही टिकतात. यंत्र उचललं की हा कोन वाढतो आणि दोन टोकांचे कोन सारखे राहत नाहीत, म्हणून बांधावर गरजेपुरतंच उचला. पूर्ण उचलायचं असेल तर पीटीओ बंद करा. हायड्रोलिकच्या उंचीवर मर्यादा लावून ठेवली तर दर वळणाला लक्ष ठेवावं लागत नाही.

मग क्रॉस हाताने हलवून पाहा. खुटखुट लागली तर क्रॉस बदला. लोअर लिंकच्या (यंत्राला धरणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या) साखळ्या सैल असतील तर यंत्र डावी-उजवीकडे डोलतं, त्याही आवळा. एवढं करूनही आवाज राहिला तरच गिअरबॉक्सकडे वळा.

प्रश्न : नवीन पिनियन टाकलं, तरी भारावर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.

फक्त पिनियनच बदललं का? क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे असतात. जुन्या क्राऊनचे दात जुन्या पिनियनबरोबर घासून बसलेले असतात, नव्याशी त्यांचं जमत नाही. जोडी नवीन असेल तर शिम (गिअरची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या) चुकल्या असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिकला दातांवर रंग लावून गिअर फिरवायला सांगा. खूण दाताच्या मधोमध उमटली पाहिजे. कडेला, टोकाला किंवा बुडाशी उमटली तर शिम बदलून जागा दुरुस्त करावी लागेल. दातांमधली फट शून्यावर आणायचा आग्रह धरू नका. गरम झाल्यावर दात फुगतात, त्यांना जागा लागते. घट्ट बसवलेला गिअर आधी शिट्टी मारतो, मग तापतो, मग बेअरिंग खातो.

प्रश्न : जाड ऑइल किंवा ग्रीस भरलं तर आवाज कमी होतो म्हणतात, खरं आहे का?

काही दिवस आवाज दबतो, झीज मात्र चालूच राहते. ग्रीस तर अजिबात भरू नका. फिरणारा दात ग्रीस बाजूला फेकतो, ते परत दातावर येत नाही आणि दात कोरडे चालतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच गिअर ऑइल वापरा, बहुतेक रोटाव्हेटरना ते ९० नंबरचं असतं. पातळी सपाट जागेवर, यंत्र थंड असताना, लेव्हल प्लगपर्यंत ठेवा. जास्त भरलं तर फेस होतो आणि सील गळतो. ऑइल काढताना ते हातावर घेऊन पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बारीक काळी पूड चालते, पण चमकणारे तुकडे हाताला लागले तर त्याच दिवशी यंत्र थांबवा.

प्रश्न : आवाज फारसा नाही, पण एकसारखा धक्का बसतो.

पाती मोजा. एखादं तुटलंय का, एका बाजूची जास्त झिजलीत का, नट सैल आहेत का ते पाहा. पाती रोटरवर फिरत्या क्रमाने लावलेली असतात, म्हणजे ती एकामागून एक मातीत शिरतात. बदलताना क्रम चुकला तर दोन-तीन पाती एकदम आपटतात, आणि तो धक्का चेन किंवा साइड गिअरमधून थेट गिअरबॉक्समध्ये जातो. पाती काढण्याआधी मोबाइलवर रोटरचा फोटो काढून ठेवा, परत लावताना तो समोर धरा.

दुरुस्ती होईपर्यंत कानात इअर प्लग घाला. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही मर्यादा मानली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ डेसिबलला फक्त २ तास. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर खडखडणारा रोटाव्हेटर दिवसभर चालवणाऱ्याचे कान ही मर्यादा केव्हाच ओलांडतात, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.