दुसऱ्या सत्रातले शिबिर आणि अकरावीतल्या मुलीचे पुढचे नियोजन

दिवाळीची सुट्टी संपून कनिष्ठ महाविद्यालयांचे दुसरे सत्र सुरू झाले, की मुलांच्या पुढच्या शिक्षणाबाबत सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, विज्ञान प्रदर्शन, राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर हे सगळे साधारण डिसेंबर-जानेवारीत येते आणि पालकांच्या दृष्टीने नेमका हाच काळ मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याचा असतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी या उपक्रमांत वेळ घालवावा का, आणि घालवला तर पुढच्या शिक्षणाचे काय, असे ते विचारतात. सरसकट उत्तर मी देत नाही, कारण अकरावी आणि बारावी ही या बाबतीत दोन वेगळी वर्षे आहेत. सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाबरोबर केलेले काम मी त्यासाठी येथे मांडते. मुलीची आणि पालकांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मुलगी अकरावी विज्ञान शाखेत होती. पुढे काय करायचे ते ठरलेले नसल्यामुळे तिने गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले होते, आणि वडिलांच्या मनात मात्र वैद्यकीय प्रवेश पक्का होता. राष्ट्रीय सेवा योजनेत तिने आपणहून नाव घातले होते. या योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. शिबिर जानेवारीत माण तालुक्यातील एका गावात होणार होते. वडिलांनी नकार दिला, मुलीने घरात बोलणे जवळपास बंद केले, आणि आई दोघांना घेऊन माझ्याकडे आली.

वडील हिशेब मांडूनच आले होते. शिबिराचे सात दिवस, परतल्यावर थकव्याचे दोन दिवस आणि त्या काळात क्लासमध्ये पुढे जाणारा भाग. “मॅडम, एकदा मागे पडली की पोर सावरत नाही. शिबिर काय, डिग्रीला गेल्यावरही करता येईल,” असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद चुकीचा नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अभियांत्रिकीसारख्या शाखांसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत अकरावीवर साधारण 20 टक्के भर असला, तरी अकरावीतील कच्चेपणा बारावीच्या प्रत्येक प्रकरणात जाणवत राहतो. त्यांनी असेही विचारले, की शिबिराच्या प्रमाणपत्राचा प्रवेशाला काही फायदा होतो का. मी स्पष्ट सांगितले, की या दोन्ही परीक्षांच्या गुणवत्ता यादीत त्याला एकही गुण नाही, आणि केवळ प्रमाणपत्रासाठी जायचे असेल तर तिने जाऊ नये.

मी मुलीला एक आठवडा रोजची नोंद ठेवायला सांगितली. किती तास बसली हे लिहायचे नाही, तर त्या दिवशी काय पूर्ण झाले तेवढेच लिहायचे, अशी अट घातली. आठवड्यानंतर ती वही तिघांनी मिळून वाचली तेव्हा दिसले, की रोज रात्रीचे दीड-दोन तास क्लासच्या छापील नोट्स दुसऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवण्यात जात होते आणि गणिताची उदाहरणे मात्र रविवारवर ढकलली जात होती. वडिलांना हा वेळ आजवर अभ्यासाचाच वाटत होता, कारण मुलगी टेबलापाशी बसलेली असे. उतरवून काढणे थांबवले तर शिबिराच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे मिळून बुडणाऱ्या भागाची भरपाई होते, हे त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच पद्धतीने मांडून दाखवले. बुडणाऱ्या तासांची वही कोणत्या मैत्रिणीकडून घ्यायची, कोणती प्रकरणे आधीच वाचून ठेवायची आणि परतल्यावर कोणत्या दोन रविवारी ती पूर्ण करायची, हे मुलीने स्वतः लिहून दिले.

तरीही वडील होकार देईनात, तेव्हा आईने मूळ गोष्ट बोलून दाखवली. “खरं सांगायचं तर मॅडम, तिला आम्ही कधी घराबाहेर रात्री ठेवलेली नाही.” अभ्यासाच्या नावाखाली दडलेली ही काळजी मला अनेक घरांत भेटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून अभ्यासाचे कितीही हिशेब मांडले तरी ते व्यर्थ जातात. मुलीला धीट बनवण्यावर भाषण देऊन ती काळजी जात नाही, माहितीने कमी होते. म्हणून पालकांनी महाविद्यालयात जाऊन कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे आणि काही साधे प्रश्न विचारावेत असे ठरले: मुलींचा मुक्काम कोणत्या इमारतीत आहे, त्याच इमारतीत रात्री कोणत्या शिक्षिका राहणार आहेत, स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, गटाने बाहेर पडताना बरोबर कोण असते, घरी फोन करण्याची वेळ कोणती, आणि कोणी आजारी पडले तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे. वडील एका रविवारी मोटारसायकलवरून ते गावही पाहून आले. मुलींची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि दोन शिक्षिका पूर्ण वेळ राहणार होत्या. ते पाहून आल्यावर त्यांनी संमती दिली. मला हे वडील आवडले, कारण त्यांनी आपली भीती मुलीवर हुकूम म्हणून लादण्याऐवजी तपासून घेतली.

शिबिरात श्रमदान, प्रभातफेरी, व्याख्याने यांबरोबर घरोघरी पाण्याचे सर्वेक्षण होते. घरात पाणी कोण भरते, त्याला रोज किती वेळ लागतो, उन्हाळ्यात किती दिवस टँकरवर काढावे लागतात, असे प्रश्न होते. मुलगी परतल्यावर जे सांगू लागली ते मला अपेक्षित नव्हते. अनोळखी दारात उभे राहून प्रश्न विचारणे तिला अजिबात आवडले नव्हते. पहिल्या दोन दिवशी तर ती मैत्रिणीच्या मागे उभी राहून फक्त लिहून घेत होती. मात्र संध्याकाळी सगळ्यांचे अर्ज एकत्र लावताना तिच्या लक्षात आले, की दुपारी भरलेल्या अर्जांत पाण्याला लागणारा वेळ कमी दिसतो आणि संध्याकाळी भरलेल्या अर्जांत जास्त. माणमध्ये त्या दिवसांत ज्वारी-हरभरा शेतात उभा असतो आणि पाणी भरणाऱ्या बायका दिवसभर शेतावर असतात. दुपारी घरी सापडत होती ती वयस्क मंडळी, आणि ती अंदाजाने सांगत होती. तिने हे शिक्षिकेला दाखवले आणि शेवटचे दोन दिवस सर्वेक्षण संध्याकाळी करायचे ठरले.

मी तिला या गोष्टीवर बराच वेळ बोलते केले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘तुला काय आवडते’ असे विचारले, की ती बहुधा ज्या विषयात गुण मिळतात त्याचे नाव सांगतात, किंवा घरात जे ऐकले ते सांगतात. सात दिवसांच्या कामात मात्र कशाने कंटाळा आला, कशासाठी जेवणाची वेळ टळली, कोणते काम कोणी न सांगता हाती घेतले, हे सारे प्रत्यक्ष घडलेले असते. कलचाचणी उपयुक्त असते आणि गरज असेल तेथे मी ती सुचवते, परंतु अशा अनुभवानंतर तिच्या निकालाचा अर्थ लावणे सोपे जाते. तेव्हा उपक्रम करून आलेल्या मुलाला ‘मजा आली का’ एवढेच विचारून विषय संपवू नये.

या मुलीबाबत मी लगेच ‘तू संख्याशास्त्रात जा’ असे म्हटले नाही, कारण एका निरीक्षणावर आयुष्याचा निर्णय टांगणे बरोबर नव्हते. मी तिला माणसे भेटायला सांगितली. फेब्रुवारीत ती वडिलांबरोबर एका महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटली, आणि नंतर जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाऊन आली. देशातील कुटुंबांच्या आरोग्याचे चित्र ज्यातून कळते त्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असते आणि 1992-93 मधील पहिल्या फेरीपासून ते चालत आले आहे, हे मी दोघांना सांगितले, तेव्हा वडिलांनी विचारले, “म्हणजे हे आरोग्याचंच काम झालं की?” वैद्यकीय क्षेत्र म्हणजे केवळ डॉक्टर, ही त्यांची समजूत त्या दिवशी थोडी सैल झाली.

त्यानंतर आम्ही एका कागदावर तीन वाटा लिहिल्या. प्रत्येकीपुढे लागणारे विषय, परीक्षा आणि महिना एवढेच. पहिली वाट वैद्यकीय शिक्षणाची, त्यासाठी जीवशास्त्र आणि मे महिन्याच्या सुमारास होणारी नीट. दुसरी संख्याशास्त्रातील पदवीची. बऱ्याच महाविद्यालयांत हा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.साठी मात्र स्वतंत्र प्रवेश प्रक्रिया आहे आणि बारावीला गणित असावे लागते. पुढे संघ लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या भारतीय सांख्यिकी सेवेची वाटही याच पदवीतून जाते. तिसरी अभियांत्रिकीची, एमएचटी-सीईटीच्या गणित गटातून. ती मुलीला फारशी नको होती, पण वडिलांच्या आग्रहाखातर ठेवली. गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय बोर्डाला ठेवायचे, आणि नीटच्या खास क्लासवर बारावीत पैसे व वेळ खर्च करायचे की नाही, हे अकरावीच्या वार्षिक परीक्षेतील जीवशास्त्राचा अभ्यास तिला कसा वाटला यावरून एप्रिलमध्ये ठरवायचे, असे तिघांनी मान्य केले. एप्रिलमध्ये तिने तो क्लास न लावण्याचे ठरवले. वडील खूश नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले, की गणितात कमी पडलीस तर मी विचारणार.

बारावीच्या दिवाळीनंतर ती पुन्हा आली, या वेळी एकटी. शिबिरात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून जबाबदारी घ्यावी, अशी शिक्षकांची इच्छा होती आणि तिचीही. मी नको म्हटले. बारावीची लेखी परीक्षा 2024 साली 21 फेब्रुवारीला सुरू झाली होती, 2025 साली ती 11 फेब्रुवारीलाच सुरू झाली आणि प्रात्यक्षिक परीक्षा 24 जानेवारीपासून सुरू झाल्या. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकांचे असतात, गणिताचे 20. पूर्वपरीक्षा, प्रयोगवह्यांवरील सह्या आणि प्रात्यक्षिकांचा सराव यांच्या मध्ये सात दिवसांचे निवासी शिबिर आणि त्याआधीची पंधरा दिवसांची तयारी बसत नाही. ज्या मुलीला अकरावीत मी जायला सांगितले, तिलाच बारावीत थांबायला सांगताना तिला वाईट वाटले हे मला दिसत होते, म्हणून पर्यायही शोधला. गेल्या वर्षीचे सर्वेक्षणाचे अर्ज महाविद्यालयात पडून होते. नव्या मुलांनी प्रश्नावली कोणत्या वेळी भरून घ्यावी आणि वयस्क व्यक्तीने उत्तर दिले असेल तर त्याची वेगळी नोंद कशी करावी, याची दोन पानांची सूचना तिने डिसेंबरातल्या एका रविवारी लिहून दिली, शिबिराला जाणाऱ्या अकरावीच्या मुलांना एक तास समजावून सांगितली, आणि सोमवारपासून पूर्वपरीक्षेच्या अभ्यासाला बसली.