तिसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्या इंटर्नलला दोन विषयांत मार्क फार कमी पडले. प्रॉक्टरना (आमच्याकडे लक्ष देण्यासाठी कॉलेजनं नेमलेल्या सरांना) काय सांगू?

तुम्ही लिहिलंय ते असं: शाळा खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात झाली, आता बेळगावात व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) इंजिनिअरिंग कॉलेजात तिसरं सेमिस्टर आहे. पहिल्या टेस्टला एका विषयात 25 पैकी 6 आणि दुसऱ्यात 9 पडले. प्रॉक्टर कन्नड बोलतात, त्यामुळे भेटायला धीर होत नाही. रिझल्ट लागल्यावरच भेटावं का?

नाही, याच आठवड्यात भेटा. रिझल्टनंतर सेमिस्टरच्या पेपरची फोटोकॉपी मागता येते, रिव्हॅल्युएशन करता येतं. सीआयईला, म्हणजे सेमिस्टरभरातल्या टेस्ट-असाइनमेंटच्या इंटर्नल मार्कांना, असा मार्ग नाही. तिथे 50 पैकी 20 च्या खाली राहिलात तर त्या विषयाचा शेवटचा पेपरच देता येत नाही आणि विषयाला पुन्हा रजिस्टर व्हावं लागतं. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या टेस्टमधले दिवस सगळ्यात मोलाचे आहेत. प्रॉक्टर खरी मदत करू शकतात ती याच दिवसांत.

जाण्याआधी कागदावर हिशेब मांडा. खालचे आकडे 2022 च्या स्कीमचे, म्हणजे विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचे आणि नियमांचे आहेत. तुमची बॅच वेगळ्या स्कीमची असेल तर त्या स्कीमचं सिलॅबस उघडून प्रत्येक विषयाच्या शेवटी दिलेलं मार्कांचं पान बघा.

साध्या थिअरी विषयात दोन टेस्टची सरासरी 25 पैकी आणि असाइनमेंटचे 25, असे मिळून 50. समजा 6 वाला विषय असा आहे. दुसऱ्या टेस्टला 14 पडले तर सरासरी 10. असाइनमेंटला 15 असतील तर एकूण 25, म्हणजे तुम्ही सुटलात. पण असाइनमेंट उशिरा दिली, मित्राची उतरवली आणि 9 च मिळाले, तर एकूण 19. एका मार्कासाठी सेमिस्टरचा पेपर गेला. असाइनमेंटला पोरं हलक्यात घेतात आणि नेमकी तिथेच अडकतात.

9 वाला विषय लॅबसह इंटिग्रेटेड असेल तर जास्त सावध राहा. त्यात थिअरीचे 25 (टेस्टचे 15, इतर 10) आणि लॅबचे 25 असतात, आणि दोन्हीकडे वेगवेगळे किमान 10 लागतात. लॅबला 22 आणि थिअरीला 8 मिळाले तर बेरीज 30 होते, तरीही तुम्ही अपात्रच. लॅब रेकॉर्ड छान आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचा इथे घात होतो. तुमच्या 9 चा हिशेब करू: दुसऱ्या टेस्टला 13 आणले तर सरासरी 11, ती 15 वर आणली की 6.6. इतर 10 पैकी 6 मिळवले की 12.6. हे जमण्यासारखं आहे.

शेवटच्या पेपरला 50 पैकी 18 लागतात, पण दोन्ही मिळून 100 पैकी 40 व्हायला हवेत. सीआयई काठावर 20 असेल तर पेपरात 18 पुरत नाहीत, 20 लागतात.

हजेरी 85 टक्के हवी. योग्य कारण आणि कागदपत्रं असतील तर 10 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. 40 तासांच्या विषयात 34 तास भरायचे, म्हणजे हक्काचे फक्त 6 तास चुकवता येतात. कणकुंबी-जांबोटीकडून रोज ये-जा असेल तर पावसाळ्यात बस चुकते, त्यात गणपतीला चार दिवस घरी, एवढ्यात 6 तास सहज संपतात. आजारपणाचा दाखला बरं होऊन आल्या आल्या द्या. सेमिस्टरअखेर आणलेल्या दाखल्याकडे कुणी चांगल्या नजरेनं बघत नाही.

आता भाषेचं. बेळगावात बऱ्याच सरांना मराठी कळतं, आणि नसेल कळत तरी तुटक इंग्रजीनं काम भागतं. दारात "सर, ऐदु निमिष माताडबहुदा?" एवढं विचारा, म्हणजे पाच मिनिटं बोलू का. पुढचं बोलणं तुमचा कागद करेल. त्यावर विषय, पहिल्या टेस्टचे मार्क, दुसऱ्या टेस्टला किती हवेत, आजची हजेरी आणि खाली दोनच विनंत्या असू द्या. "सर, अभ्यास जमत नाही" असं म्हटलंत तर "नीट अभ्यास कर" एवढंच उत्तर मिळणार, कारण त्या वाक्यात त्यांना करण्यासारखं काहीच नाही.

पहिली विनंती: विषयाच्या सरांसोबत बसून ब्लू बुक (टेस्टची उत्तरवही) आणि कशाला किती मार्क दिले तो तक्ता बघायचा आहे. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मराठी माध्यमातल्या मुलांना विषय कळलेला असतो, मार्क जातात मांडणीत. व्याख्या मोघम लिहिलेली असते, आकृती असते पण तिला नावं दिलेली नसतात, किंवा 'डिराइव्ह' विचारलेलं असताना फक्त शेवटचं सूत्र लिहिलेलं असतं. ब्लू बुक उघडून प्रत्येक गेलेल्या मार्कासमोर कारण लिहा: आलं नाही, वेळ पुरला नाही, की इंग्रजीत मांडता आलं नाही. तिसरं कारण जास्त वेळा आलं तर प्रत्येक मॉड्यूलमधल्या दहा-बारा व्याख्या इंग्रजीत तोंडपाठ करा आणि रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहा. समजून घ्यायचं मराठीतच. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी विनंती: दुसऱ्या टेस्टच्या आधी आठवड्यातून एक ठरलेली वेळ, पंधरा मिनिटांची. प्रॉक्टरनी ती डायरीत लिहून ठेवली की पुढे हजेरीचा किंवा मार्कांचा प्रश्न आला तर तुम्ही वेळेवर आला होतात याची नोंद राहते. प्रॉक्टर दाद देत नसतील तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. त्यात तक्रारीचा सूर नको, मागणी तेवढी लिहा.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, घरी सांगायची भीती वाटत असेल, तर मार्कांचं नंतर बघू. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि भाषा निवडता येते.

दुसऱ्या टेस्टनंतर सीआयईचे मार्क विद्यापीठाकडे जाण्याआधी बहुतेक कॉलेजांत यादी दाखवून सही घेतात. सही करण्याआधी असाइनमेंटचे मार्क चढलेत का, ते स्वतःच्या कागदाशी ताडून बघा. बेरीज चुकली असेल तर ती त्याच दिवशी दाखवा.