मॉडेलच्या आधी ट्रेसर

सांडपाण्याच्या फ्लुइडाइज्ड बेडसाठी (वर चढणाऱ्या पाण्यात कण तरंगत ठेवणारी टाकी) एकदम सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं संगणकी मॉडेल, उघडून बसू नकोस. आधी ट्रेसर, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारा खुणेचा पदार्थ, सोड आणि तो बाहेर कधी किती येतो याचा वक्र काढ. रंग नको, बायोफिल्म (कणांवरचा जंतूंचा थर) तो धरून ठेवते आणि वक्राला खोटी शेपटी फुटते. लिथियम क्लोराइड बरं. वक्राच्या व्हेरियन्सला (पसरटपणाच्या मापाला) पाणी आत राहण्याच्या सरासरी काळाच्या वर्गाने भागून ०.२५ आलं, तर बेड म्हणजे मालिकेत जोडलेल्या, नीट ढवळलेल्या चार टाक्या असं धर. सरासरी काळ अपेक्षेपेक्षा (आकारमान भागिले प्रवाह) बराच कमी असेल तर मृत जागा, म्हणजे पाणी जिथे नुसतं साचून राहतं ते कोपरे, शोध. रिसायकल (बाहेर आलेलं पाणी परत आत सोडणं) चालू असताना घेतलेला वक्र बेडचा नसतो, सगळ्या यंत्रणेचा असतो. इथेच बहुतेक जण फसतात.

आणि आपल्या नाशकात द्राक्षहंगामात वायनरीच्या सांडपाण्याचा भार चढतो, बायोफिल्म जाडावते, कण हलके पडतात, बेड फुगतो. पावसाळ्यातले आकडे तेव्हा चालवू नकोस, चाचणी नव्याने घे.