'डेंड्रोक्रोनॉलॉजी'ला मराठीत काय म्हणावे?

'डेंड्रोक्रोनॉलॉजी' या शास्त्राला मराठीत काय म्हणावे, 'झाडांचे वय मोजण्याचे शास्त्र' हा नेहमीचा खुलासा पुरेसा आहे का, आणि खोडाच्या आडव्या छेदावर दिसतात ती 'वर्तुळे' की 'वलये', असे एका वाचकाने विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो. शास्त्राला 'वृक्षवलय-कालनिर्णय' म्हणावे, छेदावर दिसतात त्यांना 'वलये' म्हणावे आणि 'वय मोजण्याचे शास्त्र' हा खुलासा टाळावा, कारण तो या शास्त्राच्या मुख्य कामाला बगल देतो.

मूळ शब्दाची फोड सोपी आहे. ग्रीक भाषेत 'डेंड्रॉन' म्हणजे झाड (ऱ्होडोडेंड्रॉन या नावातही ते आहे, तेथे अर्थ 'गुलाबाचे झाड' असा होतो) आणि 'क्रोनॉस' म्हणजे काळ. वयाचा उल्लेख त्यात कोठेच नाही. खोडावरची वलये मोजून झाडाचे वय सांगणे ही फार जुनी गोष्ट आहे. ओल्या वर्षी वलय रुंद आणि कोरड्या वर्षी अरुंद होते, हे निरीक्षण लिओनार्दो दा विंचीनेही नोंदवून ठेवले होते. पण समजा, एखाद्या पडक्या इमारतीतील तुळईवर एकशेचाळीस वलये मोजली, तर ते झाड निदान एकशेचाळीस वर्षे जगले एवढेच कळते. ती एकशेचाळीस वर्षे नेमकी कोणती, हे नुसत्या मोजणीने कळत नाही, आणि हे शास्त्र तर त्याच प्रश्नापासून सुरू होते.

त्याचे उत्तर जुळणीतून मिळते. एका प्रदेशातील एका जातीच्या झाडांना पाऊस आणि थंडी साधारणपणे सारखीच सोसावी लागते, त्यामुळे त्यांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रमही सारखा येतो. दोन अरुंद, एक रुंद, तीन मध्यम, पुन्हा एक अतिशय अरुंद असा क्रम पाच-दहा वर्षांपुरता योगायोगाने कोठेही सापडेल. शंभर वर्षांचा क्रम मात्र दुसऱ्या कोणत्याही शतकाशी जुळत नाही. आज जिवंत असलेल्या झाडाच्या सालीलगतचे वलय कोणत्या वर्षाचे हे आपल्याला ठाऊक असते. तेथून मागे जात, त्याच्या आतल्या वलयांशी जुन्या लाकडाची बाहेरची वलये जुळवायची, मग त्याहून जुने लाकूड घ्यायचे, अशी साखळी शतकानुशतके मागे नेता येते. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस हे सूर्यावरील डागांच्या चक्राचा हवामानाशी संबंध शोधत होते आणि जुन्या हवामानाच्या नोंदी नाहीत म्हणून ते झाडांकडे वळले. नैऋत्य अमेरिकेतील प्राचीन वस्त्यांमधील तुळयांवरून त्यांनी ५८५ वर्षांची एक अखंड मालिका तयार केली होती, पण ती जिवंत झाडांच्या मालिकेशी कोठेच जुळत नव्हती. कोणती वस्ती कोणत्या वस्तीच्या किती वर्षे आधीची, हे त्यांना सांगता येत होते, पण एकाही वस्तीचे इसवी सनातले वर्ष सांगता येत नव्हते. अखेर १९२९ साली अ‍ॅरिझोनातील शो लो येथे सापडलेल्या, 'एचएच-३९' असा क्रमांक दिलेल्या जळक्या तुळईने दोन्ही मालिका जोडल्या आणि कित्येक वस्त्यांना एकदम वर्षे मिळाली.

अशा न जोडलेल्या मालिकेला इंग्रजीत 'तरंगती' म्हणतात. मराठीत मी 'अधांतरी मालिका' म्हणेन, कारण नेमकी हीच अवस्था सांगणारा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. जोडून पूर्ण झालेल्या आधारभूत मालिकेसाठी तर 'शकावली' हा शब्द मला फार योग्य वाटतो. 'जेधे शकावली' ज्यांनी चाळली आहे त्यांना त्या नोंदींची शिस्त ठाऊक असेल: वर्ष द्यायचे आणि त्या वर्षी घडलेले सांगायचे. ओक वृक्षाच्या शकावलीतही तेच असते, फक्त घडलेली गोष्ट म्हणजे त्या वर्षीच्या वलयाची रुंदी.

आता 'कालगणना', 'कालमापन' आणि 'कालनिर्णय' या तीन पर्यायांविषयी. मराठीत कालगणना म्हणजे प्रामुख्याने वर्षे मोजण्याची पद्धत, म्हणजे शक, संवत, इसवी सन. 'वृक्षकालगणना' असे म्हटले की झाडांचीच काही वेगळी कालगणना असावी असा भास होतो. 'कालमापन' रेडिओकार्बनसारख्या पद्धतींना शोभते, कारण तेथे जुन्या लाकडात किंवा हाडात उरलेल्या, काळाबरोबर ठरावीक गतीने घटत जाणाऱ्या कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनचे खरोखर मापन होते आणि उत्तरही 'इतकी वर्षे, अधिक-उणे इतकी' अशा स्वरूपात येते. वलयांचे तसे नाही. जुळणी झाली तर एकच वर्ष मिळते, अधिक-उणे काही नाही. आणि झाली नाही तर काहीच मिळत नाही. हा निर्णय आहे. किंबहुना रेडिओकार्बनचे आकडे खऱ्या वर्षांत बदलून घेण्यासाठीच वलयांचा आधार घ्यावा लागतो. त्यासाठी मध्य युरोपातील ओक आणि पाइन वृक्षांची मालिका १२,००० वर्षांहूनही मागे नेलेली आहे. 'कालनिर्णय' म्हटले की भिंतीवरचे कॅलेंडर आठवते, ही अडचण मला मान्य आहे, पण पुरातत्त्वाच्या मराठी लेखनात तो शब्द या अर्थाने रुळलेला असल्याने तो सोडण्याचे कारण नाही.

'वर्तुळ' की 'वलय', हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. वर्तुळ ही भूमितीतली रेषा आहे आणि रेषेला रुंदी नसते. वलय म्हणजे कडे, कंकण. त्याला आतली कड असते, बाहेरची कड असते आणि दोहोंमध्ये रुंदी असते. या शास्त्रात मोजली जाते ती रुंदीच, म्हणून वलय हाच शब्द योग्य. प्रत्यक्ष कामात तर गोल आकार बहुधा दिसतही नाही. झाड न तोडता पोकळ गिरमिटाने सालीपासून गाभ्याकडे भोक पाडतात आणि जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी बाहेर काढतात. ती खाचेत चिकटवून, बारीक होत जाणाऱ्या काचकागदांनी घासून गुळगुळीत केली की सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसू लागतात: हंगामाच्या आरंभी वाढलेले फिकट, मोठ्या पेशींचे लाकूड, मग हळूहळू गडद होत जाणारे दाट लाकूड, आणि तेथे एकदम धारदार सीमा. त्या सीमेपलीकडे पुढचे वर्ष. मोजताना हिशेब चुकू नये म्हणून दर दहाव्या वर्षाच्या पट्ट्यावर एक ठिपका, पन्नासाव्यावर दोन आणि शतकाच्या पट्ट्यावर तीन ठिपके देण्याची रीत आहे. (जाता जाता, इंग्रजीतील वर्षवाचक 'अ‍ॅन्युअल' आणि वलयवाचक 'अ‍ॅन्युलर' हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसत असले, तरी लॅटिनमधील त्यांची मुळे वेगळी आहेत. मराठीत हा घोटाळा संभवत नाही.)

'वार्षिक वलय' हा रूढ शब्द मात्र मी जपून वापरतो. अतिशय कोरड्या वर्षी काही झाडे खोडाच्या एखाद्या भागात वलय धरतच नाहीत. उलट, हंगामाच्या मध्येच वाढ थांबून पुन्हा सुरू झाली, तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. उष्ण कटिबंधातील अनेक झाडांत तर स्पष्ट वलयेच नसतात. साग हा त्यातला ठळक अपवाद आहे. डच हवामानशास्त्रज्ञ बर्लागे यांनी १९३१ साली जावा बेटावरील सागाची १५१४ पासूनची मालिका प्रसिद्ध केली होती. दक्षिण गोलार्धात आणखी एक पेच आहे. तेथे वाढीचा हंगाम दोन इसवी सनांत विभागला जातो, म्हणून ज्या वर्षी वाढ सुरू झाली त्या वर्षाचे नाव वलयाला देण्याचा संकेत आहे. या सगळ्यामुळे, डोळ्यांना दिसते ते 'वृद्धिवलय' आणि जुळणीने ज्याचे वर्ष पक्के झाले ते 'वार्षिक वलय', असा भेद ठेवणे मला सोयीचे वाटते.

वाक्यात योजताना आणखी एक काळजी घ्यावी. 'इमारतीचा कालनिर्णय झाला' असे लिहिण्यापेक्षा 'लाकडाचा कालनिर्णय झाला' असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. तुकड्यावर सालीची कड शिल्लक असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले ते कळते, कधीकधी ऋतूही कळतो. कड तासली गेली असेल, तर 'या वर्षानंतर केव्हातरी' इतकेच म्हणता येते. इटलीतील नामवंत वाद्यकारागीर स्ट्राडिव्हरी यांच्या 'मसीहा' या प्रसिद्ध व्हायोलिनच्या अस्सलपणाविषयी वाद झाला, तेव्हा त्याच्या पुढच्या फळीवरील सर्वांत अलीकडची वलये १६८० च्या दशकातील निघाली. व्हायोलिनवरील १७१६ या सालाशी हे सुसंगत आहे. पण ते त्याच साली घडवले, असे लाकूड सांगत नाही.

उरला प्रश्न व्यापक नावाचा. वलयांवरून जुना पाऊस, दुष्काळ, वणवे आणि हिमनद्यांची हालचाल यांचाही अभ्यास होतो. जपानमधील सीडर वृक्षाच्या वलयांत फुसा मियाके या जपानी संशोधिकेला इसवी सन ७७४-७७५ च्या सुमारास कार्बन-१४ची अचानक वाढ आढळली, त्याचा संबंध तर थेट अंतराळातून आलेल्या किरणांशी लावला जातो. या सर्वांना मिळून 'वृक्षवलयशास्त्र' म्हणावे आणि 'वृक्षवलय-कालनिर्णय' ही त्याची एक शाखा मानावी. लेखनाविषयी एवढेच, की 'वृद्धी' हा शब्द सुटा लिहिताना दीर्घ असला, तरी समासात पूर्वपदी येताच 'वृद्धिवलय' असा ऱ्हस्व होतो; आणि वलय नपुंसकलिंगी असल्याने अनेकवचन 'वलये' होते, 'वलया' नव्हे.