फोटोत यायला नकार देणारी मुलगी

“मॅडम, आम्ही मजेसाठी म्हणून बाहेर पडतो आणि तोंडं फुगवून घरी येतो. मुलगी तर फोटोत उभीच राहत नाही. तिला आमची लाज वाटते का हो?” हा प्रश्न समुपदेशनासाठी येणाऱ्या वेगवेगळ्या घरांतल्या आया मला विचारतात, आणि नाताळच्या सुट्टीनंतर जरा जास्तच. त्यातल्या एका घराची ही हकीगत. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई गोव्यात, डिचोली तालुक्यात शिक्षिका. वडील वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात, पाळीची नोकरी. थोरली मुलगी चौदा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा, आणि गुडघे कुरकुरत असूनही कुठेही निघायचं म्हटलं की आधी पातळ बदलून बसणारी आजी. पहिल्या भेटीला आई एकटी आली. तिने फोन काढून मला एक फोटो दाखवला. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतलं पिवळं घर, निळी खिडकी, पायरीवर आजी आणि धाकटा, बाजूला आई. मुलगी अगदी कडेला, पाठमोरी, चालायला लागलेली.

त्या दिवसाचा बेत असा होता: सकाळी फोंतेन्हासमध्ये सगळ्यांचे फोटो, मग पणजीतला सेरेंडिपिटी कला महोत्सव, बाहेरच जेवण, संध्याकाळी मिरामारचा समुद्रकिनारा. सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे. निघेनिघेपर्यंत उशीर झाला. अकराच्या पुढे ऊन डोक्यावर, धाकट्याला भूक, वडील रात्रपाळी करून तसेच आलेले. आईला एका घराची पायरी आवडली. ती एकेकाला तिथे बसवत असतानाच दार उघडलं आणि एक वयस्क बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, फक्त वाट द्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, “आई, हे कुणाचं तरी घर आहे,” आणि सरळ गाडीकडे निघाली. महोत्सव राहिला, मिरामार राहिलं. गाडीत वडील आईला बोलले, आई मुलीला बोलली, आजी दोघांनाही गप्प करायला गेली आणि तिलाच बोलणी बसली.

मी आईला आधीच सांगून टाकलं की पायरीच्या बाबतीत मुलीचं बरोबर होतं. फोंतेन्हासच्या रहिवाशांना या फोटोंचा फार जाच झालाय. काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तरी लोक ओट्यावर चढतात. दुसऱ्याच्या दारात बसताना चौदा वर्षांच्या मुलीला संकोच वाटला, तर तो तिच्या चांगल्या वळणाचा भाग मानावा. आईला हे लगेच पटलं. शिक्षिका होती, असं काही विद्यार्थ्याने केलं असतं तर तिने त्याचं कौतुकच केलं असतं. पण मग ती म्हणाली, “ते खरं. पण एरवीही ती उभी राहत नाही. घरीसुद्धा.”

आधी मला आईचा हट्ट समजून घ्यायचा होता. वर्षातून एक तरी ‘नीट’ फोटो हवाच, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नीट म्हणजे काय, ते मी विचारलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. बाराव्याला भिंतीवर लावायला घरात एकही धड फोटो सापडेना. शेवटी भाच्याच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. त्या फोटोत त्यांच्या खांद्यावर आजही कुणाचा तरी हात आहे, मनगटापर्यंत, घड्याळासकट. “माहेरी गेले की मला आधी तो हात दिसतो,” ती म्हणाली. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. आईच्या जिवाला लागलेली घाई कुठून आली, ते तेव्हा कळलं. घरात मात्र हे कुणालाच माहीत नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, हिला फोनचं वेड लागलंय.

मुलगी पुढच्या वेळी आली. सुरुवातीला एका शब्दात उत्तरं. फोटोंचा विषय मी काढलाच नाही, शाळेचं बोललो, चित्रकलेच्या परीक्षेचं बोललो. तिची वही तिने स्वतःहून उघडली. एका जुन्या देवळाच्या भिंतीवरच्या कावी चित्रातली वेल तिने उतरवली होती. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर जांभ्याच्या मातीचा तांबडा थर द्यायचा आणि तो टोकदार हत्याराने खरवडत खालचा पांढरा रंग वर आणायचा, असं हे काम, गोव्या-कोकणातलं. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं, हात हलवत, भराभर. मग आपणच म्हणाली, “मला फोटो नको असं नाही. स्टेटस नको.”

गणेश चवथीला आईने सगळ्यांचा फोटो स्टेटसला ठेवला होता. त्यावर एका काकीने लिहिलं, “कितली मोटी जाल्या गो तुजी चली!” म्हणजे, किती लठ्ठ झालीय गं तुझी मुलगी! काकीचं मुलीने एवढं मनावर घेतलं नव्हतं, ती सगळ्यांनाच तसं बोलते. पण आईच्या फोनवर काहीतरी शोधताना तिने खालचं उत्तर पाहिलं. आईने हसरं तोंड पाठवलं होतं. तेवढंच. त्या दिवसापासून मुलगी आईच्या फोनसमोर येईनाशी झाली.

इथे एक गोष्ट पालकांनी तपासून पाहावी असं मला कळकळीने वाटतं. फोटो टाळणाऱ्या प्रत्येक मुलीचं कारण इतकं साधं नसतं. ती जेवण चुकवते का, आरशासमोर तासन्‌तास घालवते किंवा आरसाच टाळते का, शाळेच्या कार्यक्रमांना, मैत्रिणींकडे जायचं बंद केलंय का, झोप बिघडलीय का, स्वतःबद्दल तुटून पडल्यासारखं बोलते का, हे मी विचारतेच. यातलं काही दिसत असेल तर ‘वयच तसं’ म्हणून वाट पाहत बसू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कुठे जावं हे कळत नसेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो, ती सरकारी सेवा विनामूल्य आहे. या मुलीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. नाकाबद्दल मात्र कुरकूर होती. सेल्फीत नाक मोठं दिसतं म्हणे. तिला मी 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं एक गणित सांगितलं. सुमारे फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. दोष अंतराचा आहे. तिने तिथेच फोन टेबलावर टेकवून, लांब जाऊन टायमरवर फोटो काढून बघितला. मी काही बोलले नाही.

मग सगळ्यांना एकत्र बोलावलं. आधी एकच काम दिलं होतं: आपापल्या किंवा घरातल्या कुणाच्याही फोनमधून वर्षभरातला आपला सर्वांत आवडता फोटो निवडून आणा. धाकट्याने माशेलच्या चिखलकाल्यातला आणला. देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलातले खेळ होतात ना, त्यात तो डोळ्यांपर्यंत माखलेला. आजीने माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचा. स्टुलावर वडील, खालून आजीचा हात कवंडळाचं फळ वर देतोय, चेहरे अर्धे कापलेले. मुलीने दिवाडीच्या फेरीबोटीच्या कठड्यावरचे चार हात. वडिलांनी काहीच आणलं नाही. “मी कशातच नाही, मॅडम. मीच काढतो सगळे.” हे घरात आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आईचा फोटो तेवढा सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत असा होता. तो का निवडला, हे तिने त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, तिच्या वडिलांच्या भिंतीवरच्या फोटोपासून, खांद्यावरच्या हातापर्यंत. मुलगी रडली. तिनेही मग हसऱ्या तोंडाचं सांगितलं. आईला ते आठवतही नव्हतं. तिने सबब पुढे केली नाही, “चुकलं माझं,” एवढंच म्हणाली.

माझं म्हणणं अशा घरांना एकच असतं. आठवणीचा फोटो, लोकांना दाखवायचा फोटो आणि सहल, या तीन गोष्टी एकाच रविवारी उरकायला गेलं की तिन्ही हातच्या जातात. 2018 मध्येच संशोधक अलिक्सांड्रा बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले होते. स्वतःपाशी ठेवायला फोटो काढणाऱ्यांपेक्षा समाजमाध्यमावर टाकण्यासाठी काढणाऱ्यांना त्याच प्रसंगात कमी आनंद मिळतो, कारण मनाचा एक कोपरा सतत आपण कसे दिसतोय याची काळजी करत बसतो. फोटो काढूच नका, असं त्यातून निघत नाही. कुणासाठी काढायचा, ते घरातून निघण्याआधी ठरवा.

त्यांनी ठरवलं. फोटोचा दिवस वेगळा, आणि तोही आजीच्या सत्तरी तालुक्यातल्या घरी. जानेवारीतला रविवार. आजीने तिच्या सोप्यावर बसायचं, बाकीच्यांनी तिच्याभोवती जमायचं, म्हणजे तिला उभं राहायला नको. एका रंगाचे कपडे बाद. आजीच्या लुगड्यातला कुठलाही रंग ज्याने त्याने आपापल्या कपाटात शोधायचा. चार वाजता सगळ्यांनी पोटभर खायचं, पावणेपाचला सुरुवात आणि ऊन उतरायच्या आत संपवायचं. या दिवसांत आपल्याकडे सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. त्याआधीच्या तासाभराचं ऊन तिरपं आणि मऊ असतं, डोळे मिचकावे लागत नाहीत, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. अकराच्या उन्हात या कुटुंबाचे चेहरे चिडके दिसत होते, त्यात निम्मा वाटा सूर्याचा होता. फोटो काढायला शेजारचा एक कॉलेजातला मुलगा, म्हणजे वडीलही फोटोत. त्याला आधीच सांगितलं: ‘स्माइल’ म्हणायचं नाही, मुलीला पुढे ये, मागे हो म्हणायचं नाही. सगळ्यांचे झाल्यावर आजीचा एकटीचा एक, न विसरता. आजीनेच ते बजावलं. “माझा चांगला काढून ठेवा, मागून शोधाशोध नको,” असं ती इतक्या सहज म्हणाली की आईला आधी धसका बसला आणि मग हलकं वाटलं.

आणि नियम एक. ज्याचा चेहरा आहे त्याने हो म्हटल्याशिवाय फोटो घराबाहेर जाणार नाही. आजीलाही हा नियम लागू, धाकट्यालाही.

सहली ऋतूंप्रमाणे वाटून दिल्या. एका ऋतूचा मालक एक. दिवसाला एकच जागा, अर्धाच दिवस, आणि निघण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: आजी कुठे बसेल, स्वच्छतागृह कुठे आहे, धाकटा कधी खाईल. पाऊस धाकट्याचा, म्हणजे पुन्हा चिखलकालो. धबधब्याचा त्याचा आग्रह वडिलांनी मोडून काढला आणि योग्य केलं. पावसात आपल्याकडे दरवर्षी माणसं बुडतात, आणि बंदीचे आदेश असतात ते उगाच नव्हेत. कार्तिक आजीचा: साखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सुटतात, तिथे गर्दी होण्याआधी पोचून कडेची जागा धरायची.

पाऊस सरल्यानंतरचा महिना मुलीचा. तिने रिवणजवळची उसगाळीमळची कातळचित्रं निवडली. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेले बैल, हरणं आणि वर्तुळांत गुंतत जाणारा चक्रव्यूह. 1993 मध्ये अभ्यासकांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. तिने सगळ्यांना पहाटे उठवलं, कारण या रेघा उथळ आहेत, दुपारच्या उन्हात सपाट दिसतात आणि सकाळच्या तिरप्या उजेडात उठून येतात. तिथे तिला मी सुचवलेली एक गोष्ट तिने घरच्यांना करायला लावली: आधी बघायचं, मग फोटो, आणि तोही अख्ख्या चित्राचा नको, आवडलेल्या एका तुकड्याचा. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या 2014 मधल्या प्रयोगात संग्रहालयातल्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेणाऱ्यांची आठवण मात्र शाबूत राहिली. वडिलांनी बैलाच्या वशिंडाचा काढला. आईने काढलाच नाही, ती कातळाच्या कडेला बसून मुलगी समजावत होती ते ऐकत राहिली.

जानेवारीतला सोप्यावरचा फोटो छापून आला, तेव्हाच जाऊबाईंचा निरोप आला होता: ग्रुपवर टाक, सगळे विचारतात. आईने मुलीला विचारलं. मुलगी नको म्हणाली. आईने मला संध्याकाळी फोन केला, काय लिहू म्हणून. मी म्हटलं, जे आहे ते लिहा. तिने लिहिलं, “पोरीला नको आहे, घरी आलात की बघा.” जाऊबाई रुसल्या, आणि ते बरेच दिवस चाललं. आईला वाईट वाटलं, पण फोटो तिने पाठवला नाही.