युरोपातल्या क्लबकडून अनवाणी खेळलेला भारतीय फुटबॉलपटू कोण?
मोहम्मद सलीम. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंग क्लबचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला चढवणारा खेळाडू. या क्लबने १९३४ पासून सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली, त्या काळातला. १९३६ मध्ये गडी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला गेला आणि तिथल्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने खेळला, बुटांशिवाय! पायांना फक्त पट्ट्या गुंडाळलेल्या. सेल्टिकचे ट्रेनर जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायाला त्या पट्ट्या बांधताहेत असा फोटो आहे, नक्की बघा. हे सामने राखीव संघाचे होते बरं का, व्हॉट्सअ‍ॅपवर उगाच फुगवून सांगतात. तरी स्कॉटिश वर्तमानपत्रांनी त्याच्या पायांचं तोंडभरून कौतुक केलं. पुढे? घरची ओढ लागली, आला परत कोलकात्याला आणि पुन्हा मोहम्मडनकडून खेळू लागला.